लाल ठिपका

७८६
कुसगाव, ता. १० जानेवारी १९७१

चि. नसीर यास चाँदबीचे अनेक दुवा.

इकडे सर्व ठीक आहे असं आधी लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. तुझ्या भाच्यानं परवा गॅरेजमागच्या शेडमधल्या फोर्डवरची ताडपत्री ओढून काढली. नऊ वर्षं मी त्या शेडकडे पाठ करून कपडे वाळत घालते आहे. जी गाडी कान्ह्याच्या वडावर जाऊन आदळली आणि त्याच्या अब्बांना घेऊन गेली, तीच गाडी नीट करून मुंबईला शर्यतीत पळवायची म्हणतो.

शर्यतही तीच, जिचं यांना वेड होतं. जुन्या धावपट्टीवर दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, निशाण पडलं की पाव मैल सरळ, एका दमात. पंधरा-वीस सेकंदांत सगळा खेळ आटोपतो. चौदा मार्चचा रविवार ठरला आहे. दस्तगीर आता एकवीस वर्षांचा आहे आणि माझ्याहून वीतभर उंच. त्याला कान धरून खाली बसवता येत नाही. म्हणतो, अब्बांनी बांधायला घेतलेली गाडी एकदा त्यांच्या मनासारखी पळू दे, मग मी तिचं नाव काढणार नाही.

बारकूला समजूत घालायला बोलावलं. यांना वडाखालून त्यानंच ओढून काढलं होतं. तो ओट्यावर बसून म्हणाला की, दस्तूभाऊ, त्या गाडीला हात लावू नगंस, तवा काय झालं ते म्या बघितलंय, तू न्हाई. दस्तगीरनं त्याला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि पुन्हा गाडीखाली जाऊन निजला.

तू ये. तू त्याच्या अब्बांच्या हाताखाली तयार झालास, तुझं तो ऐकेल. मला एकच पोरगा आहे, नसीर. जाहिदाला आणि पोरांना दुवा सांग, आणि आपाची आठवण असेल तर उत्तराला उशीर करू नकोस.

तुझी,
चाँदबी


मिरज, ता. १९ जानेवारी १९७१

ती. चाँदबी आपास, नसीरचा सलाम वि. वि.

पत्र पोचलं. वाचून दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. आपा, यायचं म्हणशील तर इथं कारखान्यात सध्या रजा मिळत नाही. जाहिदाचा गुडघाही सुजला आहे, जिना उतरताना भिंतीला धरते. जमेल तसं बघतो.

दस्तगीर थांबणार नसेल तर निदान काम दाजींच्या पद्धतीनं होऊ दे. पाव मैलाच्या गाडीत वजन म्हणजे दुष्मन. मडगार्ड, मागची सीट, काचा, दिवे, सगळं उतरव म्हणावं. ब्रेकला मात्र हात लावू नको म्हणावं. मागे जीपचे रुंद टायर घाल, कार्बुरेटर दोनदा धू, आणि पुढच्या चाकांचं सगळं जोडकाम नवं कर.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे लाल ठिपका. दाजींचा नियम त्याला आठवत असेल. एकानं नट आवळायचा, आणि नट फिरू नये म्हणून त्यातून आरपार पिन घालायची. मग दुसऱ्यानं ते तपासून नटावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. आवळणाऱ्यानं स्वतः ठिपका द्यायचा नाही. हा नियम मोडू नये एवढं सांग.

मुलांचे सलाम. लोभ आहे तसा राहू दे.

तुझा,
नसीर


कुसगाव, ता. ८ फेब्रुवारी १९७१

चि. नसीर यास अनेक दुवा.

तुझं पत्र आलं. अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे. मी बोलावलं माणसाला आणि तू टायर पाठवलेस. जाहिदाच्या गुडघ्याला निर्गुडीचा शेक दे म्हणावं. नऊ वर्षांत तुमच्याकडे कोणाचा ना कोणाचा गुडघा सुजलेलाच आहे. ईदला नाही, दस्तगीर मॅट्रिक झाला तेव्हा नाही. मिरज काही विलायतेत नाही.

गाडीचा नुसता सांगाडा राहिला आहे. एक सीट, इंजिन आणि चार चाकं. परवा इंजिन चालू केलं तर चुलीवरची भांडी वाजली. खोटं कशाला बोलू, तो आवाज ऐकून यांची आठवण आली आणि क्षणभर बरं वाटलं. मग दिवसभर जेवण गेलं नाही.

ठिपक्याचा नियम त्याला तोंडपाठ आहे. ठिपके द्यायला कोंडू आहे, गॅरेजात कामाला असतो तो, दोन मुलांचा बाप. काल मी खिडकीतून बघितलं. दस्तगीर नट आवळून पाणी प्यायला गेला आणि कोंडूनं डब्यात काडी बुडवून एका दमात दहा ठिपके दिले. वाकला नाही, बोट लावलं नाही. मी बाहेर जाऊन विचारलं तर लाजून म्हणाला की, मावशी, मालकानं सोता आवळल्यात, म्या काय तपासायचं, बरं दिसतं व्हय ते?

मी तशीच दस्तगीरला शोधत गेले. का, ते तुला कळेल. दस्तगीरला सांगितलं तर हसला. कोंडू त्याला कधी चूक म्हणणार नाही. त्याला चूक म्हणणारा वडीलधारा पाहिजे. आता तरी ये. रजा मिळत नसेल तर नोकरी सोड आणि ये.

तुझी,
चाँदबी


मिरज, ता. १६ फेब्रुवारी १९७१

ती. आपास, सलाम.

का ते मला कळलं. हे पत्र वाचून झालं की तू मला भाऊ म्हणशील की नाही हे मला माहीत नाही, तरी लिहितो.

त्या दिवशी दुपारी दाजी जेवायला घरात आले तेव्हा मी ठिपके देत फिरत होतो. स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा नट त्यांनीच बसवला होता. तिथं बघायचं तर मला उताणं होऊन आत शिरावं लागलं असतं. मी शिरलो नाही. आळस नव्हता, आपा, अल्लाची शपथ. ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं त्यांचं काम चाचपून बघायचं म्हणजे त्यांना खोटं पाडणं, असं मला वाटायचं. त्यांच्या नटांना मी नेहमीच न बघता ठिपका द्यायचो. बाहेरून हात लांब करून त्यालाही दिला.

वडापाशी मी पोचलो तेव्हा दांडा खाली लोंबत होता. नट गळून गेला होता. पिनच्या भोकात मोडक्या पिनचा तुकडासुद्धा नव्हता. म्हणजे पिन घातलीच नव्हती. दाजींचा चाळिसावा दिवस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मिरजेची गाडी धरली ती यामुळे. जाहिदाचा गुडघा चांगला आहे.

दस्तगीरला सांगायचं की नाही ते तू ठरव. कोंडूच्या हातातून तो डबा मात्र आधी काढून घे.

नसीर


कुसगाव, ता. २१ फेब्रुवारी १९७१

नसीर,

तू सांगितलंस ते मला नऊ वर्षं माहीत आहे. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी बारकूला तो नट रस्त्यावर सापडला, वडाच्या चाळीस पावलं अलीकडे. त्यावर तुझा लाल ठिपका होता. त्यानं तो आणून माझ्या हातात दिला. पिन मला त्याआधीच सापडली होती, गॅरेजच्या फळीवर, यांच्या चहाच्या कपाशेजारी.

मी तुला कधी विचारलं नाही, कारण मग माझंही सांगावं लागलं असतं. त्या दुपारी कलेजी केली होती. गार होते म्हणून मी तीन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला हे पिन फळीवर ठेवून हात धुऊन आले. मला म्हणालेही की, एवढी पिन घालून येतो. मी म्हटलं, पिन कुठं पळून जात नाही. जेवून परत गेले तेव्हा नटावर ठिपका दिसला असेल, आणि आपण पिन घातली असं त्यांना वाटलं असेल. तू त्यांच्यावर भरवसा ठेवलास आणि त्यांनी तुझ्यावर. मध्ये मी हाका मारत होते.

नट आणि पिन त्यांच्या पानाच्या डब्यात आहेत. आज दस्तगीरसमोर तो डबा आणि तुझं पत्र ठेवणार आहे. पुढं त्याची मर्जी.

चाँदबी


कुसगाव, ता. ५ मार्च १९७१

ती. नसीर मामूंस, दस्तगीरचा सलाम वि. वि.

अम्मानं सगळं सांगितलं. चार दिवस मी घरी जेवलो नाही. तिच्या हातचं घशाखाली उतरत नव्हतं, आणि तीही वाढताना हाक मारत नव्हती. ताट ठेवून निघून जायची. तुमच्याविषयी जे मनात आलं ते लिहीत नाही.

पाचव्या दिवशी ती पदर खोचून, चष्मा लावून, गोणपाट अंथरून गाडीखाली शिरली. कोंडूच्या ठिपक्यांवर माझा विश्वास नाही म्हणाली. एकेका नटात बोट घालून बघत होती, आणि मी बाजूला उभा राहून मनात हसत होतो. पुढच्या डाव्या चाकापाशी ती थांबली. त्या नटात पिन नव्हती. मी आवळला होता, वर ठिपका होता, आणि पिन घातली असं मी कुराणावर हात ठेवून सांगितलं असतं. अम्मा बाहेर आली आणि ओट्यावर बसून खूप रडली. त्या दिवशी मी तिच्या हातचं जेवलो.

आता मी आवळतो आणि ती तपासते. तिला माझी भीड वाटत नाही. फक्त स्टेअरिंगच्या नटाला ती हात लावत नाही. म्हणते, तो नसीरचा आहे. अब्बांचा तो जुना नट मी तिथं पुन्हा बसवला आहे. त्यावरचा तुमचा ठिपका रॉकेलनं पुसून टाकला.

तेरा तारखेला शनिवारी सकाळी गाडी न्यायला ट्रक येईल. तोवर तुम्ही आलात तर गाडी जाईल. नाही आलात तर ताडपत्री आहे. तुम्ही समोर आल्यावर मला तुमच्याशी बोलता येईल की नाही, सांगता येत नाही. पण मी तुमच्याहून लहान आहे. माझं काम खोटं पाडायला तुम्हाला संकोच नको. उताणं होऊन आत शिरा, पिन बोटाला लागू द्या, मग ठिपका द्या.

शेवटी लोभ असावा असं लिहितात. ते आज माझ्याच्यानं लिहवत नाही. या.

दस्तगीर राजमहंमद