जगून राह्यला

बाबा, खरं सांगू, मला तुमचा रागच आहे. एवढं सोसायचं आणि पोरीला एक शब्द बोलायचा नाही, हे काय वागणं झालं? पुलगावच्या शाळेत तुम्ही विज्ञानाचे हंगामी शिक्षक, आणि त्या वर्षी तपासणीत साहेबांचा शेरा चांगला पडला तरच कायम होणार होतात. आठ दिवस तुम्हाला जेवण गेलं नाही. आई भाकरी थापते आहे आणि तुम्ही चुलीपाशी मला पढवताय, "साहेबासमोर पुस्तकातलं बोलजो बरं. मले-तुले नाई चालत." स्वतः मात्र 'बोलजो'च म्हणताय! ओरिसाला सुट्टीवर गेलेल्या, गावच्या लष्करी डेपोतल्या हवालदारानं नालाच्या आकाराचा एक वाळका समुद्री खेकडा आणून दिला होता. "नावाचा खेकडा, जातीनं इच्चवाचा भाऊबंद," असं त्याचं विंचवाशी नातं सांगताना तुमचा चेहरा कसा फुलायचा. आपण दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता.

तपासणीच्या दिवशी तो टेबलावर आहे. पुण्याकडचे साहेब नेमकं मलाच उठवतात. याचं विशेष काय? मी धडाधड सांगते, "सर, हा डायनासोरच्याही आधीचा. ते सारे मरून गेले, हा अजून जगून राह्यला." आपल्याकडे याचा अर्थ जगतो आहे. साहेब म्हणाले, "जगून राहिला? मग आता मेला का?" वर्ग खो खो हसला. मेल्यांना कळलं तरी होतं का काही! तुमच्या बोटांत खडू मोडला. "तुमचे सर असंच बोलतात?" साहेबांनी विचारलं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी म्हटलं, "हो सर. घरीपण." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

जूनमध्ये तुमच्या जागी दुसरे सर आले. तुम्ही डबा घेऊन मिलच्या पाळीला जायला लागलात. आई माझ्यावर चिडली तेव्हा तिलाच दटावलंत, "पोरगी भेलती. तिले काई म्हनू नोको." पुढं कधी विषय काढला नाहीत. मीही तेच धरून बसले, साहेबांना घाबरून 'हो' म्हटलं असंच सगळ्यांना सांगितलं, नवऱ्यालासुद्धा.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तर लिहिता येतंय. मी भेले नव्हते, बाबा. वर्ग हसला आणि मला तुमची लाज वाटली.