रोज एक वस्तू घराबाहेर

१२ सप्टें., शुक्र.

गोंदियाला शिबिर. आम्हा सगळ्या अंगणवाडीवाल्यांना बोलावलं होतं, विषय तणावमुक्त जीवन. पंखा बंद, खुर्च्या कमी, तणावाची सुरुवात तिथूनच. पण बोलायला आलेल्या मॅडम बऱ्या होत्या. म्हणाल्या, घरात अडगळ तर मनात अडगळ. रोज एक वस्तू घराबाहेर काढा. सहा महिन्यांत जिला हात लागला नाही ती वस्तू तुमची नाही. काढताना श्वासाकडे लक्ष द्या.

परतीच्या ऑटोत सगळ्या फिदीफिदी. मी नाही हसले. कामठ्याला उतरून घरी आले तर दारातच भाविकाची सायकल. जूनपासून तशीच उभी आहे. जूनमध्ये दीर आणि कविता येऊन तिला नागपूरला घेऊन गेले. त्यांची मुलगी, त्यांनी नेली. कविताला जुळी मुलं झाली तेव्हा दीड वर्षाच्या भाविकाला आमच्याकडे ठेवलं होतं. "दोन-चार महिने सांभाळा ताई." ते दोन-चार महिने पोरगी नऊ वर्षांची होईपर्यंत चालले.

कागदबिगद काही केला नव्हता. घरातल्या घरात कोण करतं.

१४ सप्टें., रवि.

सुरुवात केली. फुटकी बादली, बिनझाकणाचे डबे, जळका कुकर. भंगारवाला म्हणाला, "इसमें कुछ नहीं है बाई." म्हटलं, फुकट घेऊन जा, पण घेऊन जा. श्वासाकडे लक्ष दिलं. आत येतो, बाहेर जातो. त्यात पाहण्यासारखं काय ते समजलं नाही. पण स्वयंपाकघराचा एक कोपरा मोकळा झाला आणि जूननंतर पहिल्यांदा जरा बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

हे खाटेवर बसून बघत होते. "काऊन व, घर विकाले काढलं का?"

२१ सप्टें., रवि.

नागपूरचा फोन. भाविका म्हणाली, "मोठीआई, काय करून राहिली?"

मोठीआई. जन्मात पहिल्यांदा. मी आई होते आणि कविता मम्मी, असं तिचं तिनंच ठरवलं होतं. आता नात्याप्रमाणे बरोबर झालं. कविताचं चुकलं असं कोणी म्हणणार नाही. मीही नाही म्हणत. तिला म्हटलं, भांडी घासून राहिली. फोन ठेवून खरंच घासायला बसले, घासलेलीच परत.

खूप राग आला आहे. कोणाचा, ते

२४ सप्टें., बुध.

आज भा.ची सायकल काढली. देवकाबाईला दिली, तिच्या नातीसाठी. देवकाबाई आमच्या अंगणवाडीची मदतनीस, तोंडाची फटकळ. "अन् पोरगी आली, सायकल मांगली, तं काय सांगसान बाई?"

"नागपूरले तिचा बाप नवी घेऊन देईन."

सायकल गेली तशी खाटही दिली. लहान खाट, यांनी स्वतः नवार विणली होती तिच्यासाठी. मग कपाटातले फ्रॉक, ते तिला आता होत नाहीत. दप्तर. रंगपेटी. रोज एक म्हणाल्या होत्या मॅडम, मी एका दुपारीच सगळं केलं. हात थांबत नव्हता. श्वास वगैरे काही पाहिला नाही.

हे धानाच्या बांधीतलं पाणी बघून आले, खाटेच्या जागी उभे राहिले. त्या रात्री जेवले नाहीत.

३ ऑक्टो., शुक्र.

दसरा झाला. माळा रिकामा केला. गाद्यांची ही थप्पी, रजया, उशा, भात शिजवायचे मोठे गंज, परातीएवढी झाकणं. सहा महिन्यांत हात? नाही लागला. तर मग आपलं नाही. रस्त्याच्या कामावर छत्तीसगडची कुटुंबं आली आहेत, पोरं जमिनीवर निजतात. त्यांना सगळं देऊन टाकलं. त्यातली एक बाई गादीवर हात फिरवत राहिली, किती वेळ.

घरात आता बोललं की आवाज घुमतो. झोप लागते आहे. मॅडमना फोन करून सांगावं असं वाटलं.

१२ ऑक्टो., रवि.

मंडई विसरले.

या गावात जन्म काढला आणि दिवाळीनंतरची मंडई, गावची जत्रा, विसरले. हे चावडीवरून येऊन म्हणाले, भाऊबीजेनंतरच्या रविवारी आपली मंडई ठरली. मी हो म्हटलं. तर माळ्याकडे बोट करून म्हणाले, "अन् पाहुने कायवर झोपवशील? तुया श्वासावर?"

गाद्या वर्षातून एकदाच उतरतात, मंडईला. घरोघरी तेच. सगळ्या गावच्या लेकी-जावई, सोयरे येतात, अंगणापर्यंत माणूस झोपतं, त्याच्यासाठीच तो माळा भरलेला असतो. सहा महिन्यांचा नियम मॅडमच्या फ्लॅटला ठीक आहे. मला कळू नये? हसायला आलं. हसता हसता रडायला लागले तर हे घाबरले.

ननंद येणार, तिची पोरं येणार. दिरांचाही फोन आला. भाविकाला घेऊन येतो म्हणाले.

१८ ऑक्टो., शनि.

यांनी मंडपवाल्याकडून गाद्या भाड्यानं ठरवल्या. गाव हसतं आहे. देवकाबाई म्हणाली, "बाई, खाट वापस आनू का? पोरगी येऊन राहिली न." मी म्हटलं, दिलेली वस्तू परत घेत नसतात. तिची नात त्या खाटेवर झोपते आता. तिला कुठं उठवू.

भा. विचारेल, माझी खाट कुठं गेली. उत्तर तयार करून ठेवलं आहे. "तू मोठी झालीस न, आता मोठी घेऊ." सायकलचंही तेच.

२७ ऑक्टो., सोम.

काल मंडई झाली. दंडार, नाटक, पाळणे, चिवड्याची दुकानं, गाव फुटून वाहत होतं. मला त्यातलं काही आठवत नाही.

भा. उंच झाली. केस कापले. दारात चपला काढून जोडीनं नीट ठेवल्या. वाकून पाया पडली. तिला जवळ घ्यायला मी हात पुढे केला तेव्हा ती उठून सरळ उभी राहिली होती. आत आली. खाटेची जागा पाहिली, दप्तराची पाहिली, दारातली सायकलची पाहिली. काही विचारलं नाही. माझी सगळी उत्तरं माझ्याजवळच राहिली. खुर्चीच्या टोकावर बसली.

मग म्हणाली, "मोठीआई, पाणी घेऊ का?"

मी म्हटलं, "घे न व, कायले विचारून राहिली?" माझा आवाज चढला. ती दचकली. पाणी प्यायली, ग्लास धुऊन पालथा ठेवला. ननंद म्हणाली, "नागपूरले जाऊन किती वळन लागलं पोरीले." सगळ्यांनी माना हलवल्या.

गोठ्यात जाऊन रडले. गाय बघत होती.

झोपली ती मंडपवाल्याच्या गादीवर. गादीला लाल रंगात नंबर होता.

२८ ऑक्टो., मंगळ.

गेले सगळे. निघण्याआधी कविता माझ्याजवळ स्वयंपाकघरात होती, मी तांदूळ बांधून देत होते. न राहवून म्हटलं, "चांगलं वळण लावलंस हो."

ती म्हणाली, "मी नाही लावलं ताई. तिकडं बी अशीच करते. मम्मी, फ्रिज उघडू का. मम्मी, पंखा लावू का. मी इथं बसू का. भावांच्या खेळण्याला हात नाही लावत. मी म्हनते, अवो तुयंच घर आहे. हो म्हनते. दुसऱ्या दिवशी परत विचारते."

बोलता बोलता रडली. मी पोतडीची गाठ मारत बसले. चार महिने हिच्यावर जो राग जपला होता तो शोधूनही मिळेना. दोन घरं आणि दोन्हीत पोरगी विचारून पाणी पिते.

२९ ऑक्टो., बुध.

गाद्या परत गेल्या. हे आज बोलले. "खाट गेली त्याचं नाही मले. पोरीनं येऊन पाह्यलं, इथं आपलं काहीच नाही. तुनं तिची जागाच पुसून टाकली."

मी म्हटलं, रोज रिकामी खाट बघून माझं काय होत होतं ते तुम्हाला... तुम्ही तर बांधीवर निघून जाता...

 हे म्हणत होते तेच खरं होतं. तिची आठवण घराबाहेर काढायला गेले आणि तिला काढून बसले.

३ नोव्हें., सोम.

कविताचा फोन. भा. जेवत नाही. "ताई, तुमी काय देत होते?" सांगितलं. भात मऊ हवा, चिन्नोर तांदळाचा, दिला आहे त्यातलाच कर. वरणात लिंबू नाही, चिंच. भाजी वेगळी वाटीत दे, भातावर घातलीस तर ताट सरकवते. वरून तूप मात्र तिला स्वतः घेऊ दे.

सांगताना बरं वाटलं. अजून मलाच माहीत आहे म्हणून.

५ नोव्हें., बुध.

"ताई, दोनदा भात घेतला." कविता इतकी खूश. मीही खूश झाले. फोन ठेवल्यावर स्वतःसाठी ताट वाढलं आणि तसंच झाकून ठेवलं.

८ नोव्हें., शनि.

परत फोन. आता झोपेचं. रात्र रात्र टक्क जागी असते म्हणे, शाळेत पेंगते, बाईंची चिठ्ठी आली. कविता म्हणाली, "हे म्हनतात, उन्हाळ्यापर्यंत पाहू. नाही रमली तं कामठ्याले परत पाठवू, पोरीचा जीव नाही घ्यायचा." मग हळूच, "ताई, तुमच्याजवळ कशी झोपत होती?"

मी म्हटलं, काही नाही, आपली झोपायची.

खोटं. कानाची पाळी धरून झोपते. कुशीवर वळून दोन बोटांत माझ्या कानाची पाळी धरते, चोळत राहते, बोटं सैल पडली की समजायचं झोपली. दुसरं काही लागत नाही, ना गोष्ट ना गाणं. कविताला सांगायला अर्धं मिनिट लागेल. तिच्याही कानाला पाळी आहे.

यांना विचारलं. पाठ माझ्याकडेच होती. म्हणाले, "नोको सांगू." थोड्या वेळानं म्हणाले, "पोरगी जागी राहते व." मग उठून बाहेर गेले.

सांगितलं तर पोरगी झोपेल. झोपली की रमेल, रमली की इकडे येईल ती मंडईला, पाहुणी. नाही सांगितलं तर उन्हाळ्यात माझ्याजवळ असेल. तोपर्यंत रोज जागी. घरात आता काढायला काही उरलेलं नाही, एवढं एकच आहे, आणि ते माझं नाहीच, तिचं आहे.

उद्या रविवार. कविताचा फोन सकाळीच येतो.