डावीकडची पुढची जागा

४ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी गाडीखाली पुन्हा ते हिरवट डबकं. बोट लावून पाहिलं, कूलंटच. सलीमच्या गॅरेजला नेली. त्यानं बॉनेट उघडून आधी मान हलवली, मग चहा मागवला. म्हणजे काम मोठं नाही. रेडिएटरचा खालचा पाइप चिरलेला.
"अंकल, वय झालं तिचं."
म्हटलं, माझ्याहून पुष्कळ लहान आहे.
जुनी घेतल्यापासून क्लचप्लेट झाली, पुढचे बुश झाले, आता पाइप. मागच्या डाव्या दाराची काच खडखडते, ती मात्र राहू दे म्हटलं. शाळेच्या खिडक्या वाऱ्यात अशाच वाजायच्या नि आम्ही त्या तालावर कविता म्हणायचो. हे सलीमला कुठं सांगत बसायचं.
संध्याकाळी सौ.ला घेऊन बिंदुसरा नदीच्या पुलापर्यंत फेरी. ती पुढं, माझ्या डाव्या हाताला. उभं आयुष्य पाहुण्यांच्या, दिरांच्या, माझ्या साहेबांच्या मागं बसली. या गाडीत पुढची जागा तिची. मी शाळेतल्या कविता म्हणत जातो, अडलो की ती पुढची ओळ देते. आज नदीची कविता. तिसऱ्या कडव्याला अडलो. दिली.

९ नोव्हेंबर, रविवार
आमच्या लेकीच्या, मुक्ताच्या सासरचं घर (होऊ घातलेलं) पाहून आलो. गाव मांजरसुंब्याच्या पुढं, आत. रस्ता असा की गाडीचं पोट तीनदा दगडाला लागलं. प्रत्येक वेळी सौ.नं माझ्याकडे पाहिलं, जणू मीच दगड टाकले.
मुलगा संदीप कृषी खात्यात. मुक्ताचा होकार आधीच आहे, आज मोठ्यांचं बघणं. त्याचे वडील आबा, गावचे माजी सरपंच, जमीन बरीच, पांढरा फेटा, आवाज मोठा. मला वाटलं होतं, आपलं जमायचं नाही. जेवण झाल्यावर कसा कोण जाणे शाळेचा विषय निघाला. आबा सातवीपर्यंतच शिकलेले, पण पुस्तक आमचंच. मी घोडेस्वाराच्या कवितेची पहिली ओळ म्हटली. त्यांनी फेटा मागं सारला नि पूर्ण कविता म्हटली, चालीसकट, तीच चाल. दोन गावं, दोन गुरुजी, चाल एक. सूनबाई की काय ते राहिलं बाजूला, आम्ही तासभर तेच करत बसलो.
निघताना आबा म्हणाले, "भाऊसाहेब, आता साखरपुड्याची बोलणी तुमच्या घरी. पण आमच्या गावात ही गाडी पुन्यांदा घालू नका, मोडंल. मीच फाट्यावर येतो, तिथनं न्या."
घाटात इंजिन तापून सुई वर गेली. थांबून गार केली. थर्मोस्टॅट असावा. काही हरकत नाही. डोंगर, ऊन, सौ. शेजारी. अशी थांबायला मिळणं मला तरी नुकसान वाटत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
नगरहून एका डॉक्टरांचा फोन. ही गाडी आधी त्यांची होती. कंपनीचे मेसेज अजून त्यांनाच जातात. "तुम्हाला सांगितलं नाही तर झोप लागायची नाही," म्हणाले. भला माणूस.
गोष्ट अशी: आपली गाडी ज्या वर्षी निघाली, त्या वर्षीच्या गाड्या कंपनीनं परत तपासायला बोलावल्यात. डाव्या बाजूच्या पुढच्या सीटसमोर जी एअरबॅग असते, ती फुगवणारी धातूची डबी सदोष. धडक बसली तर पिशवी फुगण्याऐवजी डबीच फुटते, तुकडे समोर बसलेल्याच्या अंगावर. मुक्तानं मोबाइलवर चासी नंबर घालून पाहिला. आपली आहे त्यात.
सर्व्हिस सेंटरला गेलो. बदलून देतात, फुकट. पण पार्ट आलेला नाही. "तोवर पुढच्या डाव्या सीटवर कुणाला बसवू नका," असं लिहूनच दिलं.
परतताना सलीमकडे. थर्मोस्टॅट बदलला. डबीचं सांगितलं तर हसला. "इतकी वर्सं न्हाई फुटली, आता कावून फुटंल? बसवा बिनधास्त."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सलीमचं बोलणं मनातून काढलं. पाटबंधारे खात्यात असताना कालव्यावर मी किती पाट्या लावून घेतल्या: धोका, पाण्यात उतरू नये. पाटीखालीच कपडे ठेवून लोक पोहायचे. वर म्हणायचे, साहेब, रोज पोहतो, काय होतंय. त्यांच्यावर ओरडलेला माणूस मी. आता माझ्यासाठी कुणी पाटी लावली तर ती मी वाचणार.
सौ. मागं बसली. संध्याकाळच्या फेरीत मी म्हणत होतो, पण तिची ओळ पुढं येईना. काच खडखडते, माझा डावा कान मंद. आरशात तिचे ओठ तेवढे हलताना दिसले.
"काय म्हणालीस?"
"म्हटलं, रस्त्याकडं बघा."

१७ नोव्हेंबर, सोमवार
पुढची जागा रिकामी ठेवणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. शेजारचे काकडे हात केला की दार उघडून थेट पुढं. उतरा म्हटलं तर म्हणतात, आता आम्ही मागं बसायच्या लायकीचे. डबी, धडक, तुकडे, सगळं समजावून सांगितलं. मागं बसले, पण दार आपटून.
सौ.नं तोड काढली. पुढच्या सीटवर कलश मांडला: तांब्या, पानं, नारळ, वर कुंकू, आणि सगळ्याला सीटचा पट्टा. "आता कोण बसतो बघू. देवाच्या जागेवर बसायची कुणाची छाती?"
खरंच, काकडे परतताना कलशाला नमस्कार करून आपोआप मागं.
मनाला पटलं नाही. पण चालतंय.
आबा येत्या रविवारी येणार. सौ. म्हणाली, भाड्याची गाडी करा. म्हटलं, आपली असताना? सीट एक वाईट आहे, गाडी नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
जे झालं ते तसंच लिहून ठेवतो.
फाट्यावर ढाब्यासमोर आबा उभे, सोबत सोडायला आलेले गावचे पाच-सहा जण. मी गाडी लावली. पुढचं दार उघडून आबांनी कलश पाहिला. वाटलं, जमलं. तर त्यांनी चपला काढल्या, पट्टा सोडवला, कलश दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि मांडीवर घेऊन बसले.
"देव घेऊनच बसतो. चला भाऊसाहेब."
माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. सौ.च्याही.
म्हटलं, आबा, मागं बसा. मग डबीचं सांगितलं. पहिल्यांदा हे सांगायला हवं होतं, कलश नंतर. उलटं झालं.
"मागं?" त्यांनी आवाज चढवला नाही. "मी एस्टीत बी पुढच्या पयल्या सीटवर बसतो. व्याह्याला मागं टाकता व्हय?"
"जिवाला धोका आहे म्हणून."
"उसाच्या ट्रॅक्टरवर उभा राहून हिंडलो, न्हाई मेलो. तुमच्या गादीवर मरतो व्हय?"
बाहेरची मंडळी हसली. एक जण म्हणाला, "आबा, गाडी सेकंड हॅन्ड हाय, नखरा फस्ट हॅन्ड."
मी किल्ली काढून खिशात ठेवली. हसणं थांबलं.
आबांनी फेटा सारखा केला. मग उतरले, कलश होता तसा ठेवला, पट्टासुद्धा लावला, चपला घातल्या. "कळवतो," म्हणाले आणि ढाब्यात गेले.
मी कलश घेऊन घरी. घाटात सुई जागेवर राहिली. थर्मोस्टॅट बरा बसलाय.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सौ. काल जेवली नाही. आज म्हणाली, "एवढ्या अंतरात कोण धडकणार होतं? पोरीचं लग्न मोडलं तर डबीला सांगणार का?"
पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा किल्ली काढीन. हे तिलाही ठाऊक आहे, म्हणून जास्त राग.
मुक्ता शिरूर कासारहून ड्यूटी करून रात्री आली. तिथं नर्स आहे. अपघाताचे पेशंट रोज बघते. तिला घाबरत घाबरतच सगळं सांगितलं. ऐकून घेतलं.
"दादा, बसू दिलं नाही ते बरंच केलं."
हायसं वाटलं.
"पण त्यांना मागं बसा म्हणालात आणि तुम्ही स्वतः पुढंच बसला होतात की."
"मी चालवत होतो."
"तेच म्हणते मी."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
आबांकडून काही नाही. सौ. फोन वाजला की हात पुसत येते, काकड्यांचा असतो.
संदीपचा मात्र मुक्ताला फोन. आबा घरात कुणाशी बोलत नाहीत. गावात लोक विचारतात, बोलणी झाली का, तर म्हणतात, गाडी नादुरुस्त होती. (माझं नाव घेतलं नाही. हे मनात ठेवलं.) आणि काल संदीपला हाक मारून त्यांच्या पिकअपचा चासी नंबर मोबाइलवर घालायला लावला. काही निघालं नाही. म्हणाले, "पुन्यांदा घाल, नीट."
हे ऐकून मी अंगणात जाऊन घोडेस्वाराची कविता म्हटली. सौ.नं खिडकी लावून घेतली.

३ डिसेंबर, बुधवार
सर्व्हिस सेंटर: पार्ट पुढच्या आठवड्यात, नक्की नाही.
दुपारी आबांचा फोन. मी उचलला.
"रविवारी फाट्यावर येतो. या न्यायला."
"येतो. आबा, ती सीट अजून..."
"गाडी तीच आणा." ठेवला.
तीच आणा म्हणजे काय? सौ. म्हणते, चारचौघांत पुन्हा पुढं बसून दाखवणार, आणि या वेळी उतरवलं तर लग्न मोडलं. मुक्ता म्हणते, तसं नसेलही. मला वाटतं, ज्याला ती चाल अजून पाठ आहे तो माणूस... असो.

६ डिसेंबर, शनिवार
सलीमकडून ब्रेक, पाणी, हवा तपासून घेतली. म्हणाला, काच पण घट्ट करून देतो, पाव्हणे यायलेत. नको म्हटलं.
कलश देवघरात परत. पुढच्या सीटवर काही नाही, नुसती सीट. लपवायचं काही नाही.
गाडी मुक्ता चालवणार. कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर मीच शिकवली, हात माझ्यापेक्षा हलका आहे. सौ. हादरली. "मुलगी स्वतः जाणार सासऱ्याला आणायला? लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोक उभेच असतील तिथं, समोरासमोर म्हणू दे. तिनं पुरणाला डाळ भिजत घातली. म्हणजे चालेल.

७ डिसेंबर, रविवार. मांजरसुंबा फाटा
गाडीत बसूनच लिहितोय, मागच्या सीटवर, उजवीकडं. इथं बसून समजलं सौ.ला काय काय दिसत नव्हतं. पाय मात्र छान पसरता येतात.
मुक्ता स्टिअरिंगवर. ढाब्यावरचे दोघे-तिघे वाकून बघून गेले. ती त्यांच्याकडे पाहतही नाही. विचारलं, भीती वाटते का. म्हणाली, "घाटात नाही वाटली."
आबांची पिकअप पलीकडं थांबली. उतरले. फेटा नवा दिसतो. सोबत तीच मंडळी. रस्ता ओलांडायला थांबलेत, उसाचा ट्रक जातोय. त्यांची नजर आधी पुढच्या रिकाम्या सीटकडं गेली, मग मुक्ताकडं, मग मागं, माझ्याकडं. चेहऱ्यावरून काही सांगता येत नाही.
मी सरकून माझ्या शेजारचं डावं दार आतून उघडून ठेवलंय. काच खडखडतेय. घोडेस्वाराची पहिली ओळ मी म्हणेन. दुसरी त्यांची.
ट्रक गेला. येतायत.