मुक्या पट्टीची जागा

बाई, चष्मा शोधत असाल तर आधी कपाळावर हात फिरवा, तिथेच असेल. सापडला की वाचायला बसा. मी सांगतेय आणि नात लिहून घेतेय; ओझरला कारखान्यात नोकरी करते, अक्षर बरं आहे म्हणतात. मला अक्षरं शिकवायला तुम्ही पाटी आणली होती आणि मी तिच्यावर पापड वाळवले, हे तरी आठवतंय, की तेही विसरलात?

शरणपूरच्या तुमच्या घरी मी भांडी घासायला यायचे. पियानो पुसायचं कामही माझंच. फडकं पट्ट्यांवरून ओढलं की सूर निघायचे, आणि रविवारी चर्चच्या उपासनेला तुम्ही वाजवलेलं गाणं मी त्यात चाचपत बसायचे. एकदा सापडलं. तुम्ही आतून म्हणालात, "पियानो पुसतेयस की झिजवतेयस?" मी हात उचलला, तर म्हणता कशा, "थांबलीस का? पुढची ओळ कोण पुसणार?" मग रोजचंच झालं. तुम्ही स्टोव्हपाशी गुणगुणताय, मी आधी एका बोटाने, मग दोन्ही हातांनी तुमच्या मागे येतेय. चुकलं की उलथनं कढईवर आपटतंय. गाणं बसलं की रव्याच्या केकचा करपलेला कोपरा माझा.

तुमच्या पियानोची मधली एक पट्टी मुकी होती, दाबली तर नुसतं लाकूड वाजायचं. नाताळच्या गाण्यात शेवटच्या ओळीला नेमकी तीच यायची, आणि तिथे तुम्ही आतून उलथनं वाजवून जागा भरायचात. तुम्ही देवाघरी गेल्यावर चर्चमध्ये वाजवायला मला बसवलं. तिथला पियानो धडधाकट, तरी त्या जागी माझा हात थांबला. गाणारी मंडळी पुढे पळाली. काही नाताळ ती अशीच पळत राहिली, मग म्हातारी ऐकत नाही म्हणून तीही थांबायला शिकली.

आता बोटं वळत नाहीत. यंदा नाताळला नात वाजवणार. तीही माझ्यासारखीच कानाने शिकली. काल म्हणाली, "आजी, इथे तू एक सूर गाळतेस. मी भरू का?" मी म्हटलं, बाईंना विचारून सांगते. म्हणून हा खटाटोप.

खरं सांगू, तो सूर मला पहिल्यापासून माहीत आहे. भांडी घासताना तो गुणगुणायचेही. पण वाजवला की तुम्हाला यायला जागा उरत नाही, म्हणून इतकी वर्षं सगळ्या चर्चला तिथे ताटकळत ठेवलं.

एवढं लिहून नात उठली. स्वयंपाकघरातून उलथनं आणून माझ्या हातात दिलं. "मी जागा सोडते. तू वाजव." आता या वयात, नाताळच्या नव्या साडीत, पहिल्या बाकावर उलथनं घेऊन बसायचं. हसा.

पत्र पेटीत पडणार नाही. पत्ता तिला माहीत नाही, मला लिहिता येत नाही. तरी जमलं तर रव्याचा केक पाठवा. कोपरा नको, मधला मऊ तुकडा द्या. तुमचा चष्मा कपाळावर असतो, माझे दात वाटीत.