धुतलेले हात

ताई,

वस्तीबाहेर पत्रं आमच्या यांच्याच गाडीतून जातात, तीही यांनी वाचून झाल्यावर. हे पत्र काही तुला मिळायचं नाही, म्हणूनच खरं लिहिते.

माझ्या भरवशावर ठेवलेली तुझी पोर मजेत नाही. इथल्या मुलांच्या रक्तातलं शिसं मीच मशीनवर तपासते. सगळ्यांत जास्त तिचं निघालं. हे परसात जुन्या बॅटऱ्या वितळवतात ना! बोलले तर म्हणाले, "मग चूल तुझ्या मशीनवर पेटव."

रक्त बोटातून घेतात; बोटाला शिशाची धूळ असली की आकडा फुगतो. म्हणून अहवालात मी लिहिलं, "हात धुतले नव्हते, नमुना बाद."

ताई, दोनदा साबण लावून मीच धुतले होते. पोर विचारत होती, "मावशी, आता झाले ना स्वच्छ?"

तुझी धाकटी