लंगडा पाइन कोणी ठेवायचा

आणि लंगड्याला जास्त पाणी घालायची खोड मीच लावून गेलो, असं माझ्या बहिणीचा नवरा सेइजि अजूनही गावभर सांगतो म्हणे. सहा वर्षांपूर्वी मी घातलेलं पाणी आज कुंडीत साचलंय! बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? म्हणून या वेळी तोंडी काही ठेवत नाही, कागदावर लिहून देतो.

मी, हिराइवा मासुओ, वय चोवीस, राहणार किनाशी, हल्ली मुक्काम ट्यूना पकडणारं जहाज तामाशिओ मारू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. दारू काल प्यायलो होतो, आज नाही. कोणी धाक घातलेला नाही. उद्या आम्ही खाली, दक्षिणेच्या थंड समुद्रात उतरणार. तिकडची लाट डेकवरून माणूस पुसून नेते, म्हणून कप्तान सगळ्यांकडून असा कागद घेतात. शाळेशी माझं फारसं जमलं नाही. अक्षर वाकडं असेल, अर्थ सरळ आहे.

पहिलं. पोस्टातल्या पुस्तकात जे निघेल ते माझी थोरली बहीण फुमिएताई हिचं. तिचं म्हणजे तिचंच, तिच्या नवऱ्याच्या बोन्सायच्या बागेत त्यातलं काही जिरता कामा नये. ताईने हिवाळ्याचा चांगला कोट घ्यावा. लाल घ्यावा. वडिलांना आवडणार नाही, तरी घ्यावा.

दुसरं. माझा ट्रान्झिस्टर जहाजावरचे आचारी गेनझोकाका यांना. तो आजही माझ्यापेक्षा तेच जास्त वाजवतात, फक्त मालकी बदलेल.

तिसरं. आजोबांची झाडं कापायची कात्री मी निघताना बरोबर आणली. इथे तिने गळाची दोरी कापतो. मी बुडालो तर ती माझ्या कमरेला असेल. सेइजिला हवी असेल तर त्याने खाली येऊन घ्यावी.

चौथं. जेवायला बसताना वडिलांच्या उजव्या हाताची जागा. ती माझी होती. सेइजि आमच्याकडे शिकायला आला तेव्हा मी बारा वर्षांचा. आमच्याकडे शिकाऊ माणूस आधी गवत उपटतो. पाण्याची झारी हातात यायला तीन वर्षं जातात. त्याला वडिलांनी एका वर्षात दिली. मी घरचा, मला चौथ्या वर्षी मिळाली, तीही गळकी. मग मी अठराचा झालो आणि वडिलांनी त्याला ताई दिली, आडनाव दिलं, बाग दिली. रीत आहे, मला माहीत आहे. बागवान पोटच्या पोराकडे बघत नाही, हाताकडे बघतो, आणि ज्याचा हात चांगला त्याला घरजावई करून दत्तक घेतो. पण माझाही हात वाईट नव्हता. वडील स्वतः म्हणाले होते, "हात चांगला आहे रे तुझा, पण बुडाला मुंग्या आहेत. झाड शंभर वर्षं एका जागी उभं राहतं. तू एक जेवण धड बसत नाहीस."

त्या दिवशी मी जेवण अर्धं टाकून उठलो आणि बंदर गाठलं. कायद्याने सेइजि आता माझा थोरला भाऊ. त्याला 'दादा' म्हणावं असं ताईने तीनदा सुचवलं. मेलो तरी म्हणणार नाही, आणि हा कागद मेल्यावरचाच आहे. तर ती जागा मी कोणालाच देत नाही. तो बसलाय, बसू दे. दिली असं मात्र कोणी म्हणू नये.

पाचवं, आणि या कागदाचं खरं कारण. लंगडा.

लंगडा हा काळा पाइन, सेइजिला बाग दिली त्यात नव्हता, कारण तो बागेचा नाहीच. मी जन्मलो त्या वर्षी आजोबांनी समोरच्या बेटाच्या कड्यावरून तो खणून होडीतून आणला आणि माझ्या नावाने कुंडीत लावला. एक मूळ दगडावरून अधांतरी, म्हणून लंगडा. घर सोडताना तो जहाजावर नेण्यासारखा नव्हता, म्हणून राहिला. सहा वर्षं माझं झाड सेइजिच्या हातचं पाणी पितंय. इथे रात्रपाळीला दोरी ओढताना मला हेच दिसतं. ताई त्याच्याबरोबर जेवते, वडील त्याला हाक मारतात, ते मी गिळलं. झाडही त्याच्या हाताखाली खुशाल वाढतंय, हे गिळवत नव्हतं.

परवा केप टाउनच्या बंदरातून घरी फोन लावला.

"ताई, कशी आहेस?"

"मी बरी आहे. लंगडा पिवळा पडलाय."

आमच्या घरी माणसांची खुशाली अशी आटपते.

"जुन्या सुया की नव्या?"

"दोन्ही."

"टोकाकडून पिवळ्या की बुडाकडून?"

"मला काय विचारतोस? थांब, यांनाच देते."

सेइजि आला. नमस्कार ना चमत्कार. "टोकाकडून," म्हणाला.

"पाणी घातलं की वर थांबतं?"

"थांबतं. जरा वेळ तळं होतं."

"मग माती लोणी झालीय. मुळं गुदमरली. माती कधी बदललीस?"

तो पावसाचं बोलू लागला.

"यंदा कोंब कापलेस?"

"कापले. जूनमध्ये. सगळ्यांचे कापतो तसेच."

इथे मी फोनवर ओरडलो, मागे रांगेत उभे असलेले खलाशी हसले. बळकट पाइनचे वसंतातले कोंब कापले की दुसरे आखूड, दाट येतात आणि झाड देखणं होतं. पण दुसरे काढायला अंगात जोर लागतो. अशक्त झाडाचे कोंब कापणं म्हणजे तापकऱ्याला उपाशी ठेवून शर्यतीत पळवणं. आमच्या गावात शेंबडं पोर हे जाणतं. सेइजिला माहीत नाही असं कसं होईल?

"माहीत होतं ना तुला? मग का कापलेस?"

"रस्त्याकडच्या फळीवर असतो तो. आजूबाजूच्या सगळ्या बागांतली झाडं कापून नीटस, आणि आपलाच एक केस पिंजारून उभा? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, हिराइवांचा घरजावई आळशी आहे."

"तेच. तुला काय रे, तू पोटचा. तू काम टाकलंस तर म्हणतात, पोरगं अवखळ आहे. मी एक झाड पिंजारलेलं ठेवलं तर म्हणतील, परका तो परकाच."

मग तोच पुढे म्हणाला, "शरदात ओसाकाचा व्यापारी येणार आहे. हिरवा दिसला तर तीन लाख ऐंशी हजार येन द्यायला तयार आहे. विहीर खोल केली, तिचे पैसे थकलेत. खत घालून हिरवा करावा म्हणतो."

"माझं झाड विकतोस? आणि खत घातलंस तर महिन्यात मरेल. गुदमरलेल्याच्या तोंडात जेवण कोंबतोस का?"

"मग सांग ना काय करू! बाबाही तुझंच नाव घेताहेत. बारा वर्षं मी या बागेत खपतोय, आणि एक झाड पिवळं पडलं तर म्हणतात, मासुओला विचार. सकाळी मासुओ, संध्याकाळी मासुओ. मी समोर बसलेलो असतो, त्यांच्या उजव्या हाताला."

तेवढ्यात लाइन तुटली.

त्याच्यावर जळायचा मक्ता माझ्याकडे आहे असं मला वाटत होतं. त्यातही त्याने वाटा मागितला.

तर लंगड्याची व्यवस्था अशी. वडिलांना देत नाही, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ताईला देत नाही, तिला झाडांचा राग आहे आणि तिचा राग योग्य आहे. देवळात देत नाही, तिथले भटजी उरलेला चहा कुंड्यांत ओततात. मी परत आलो तर लंगडा माझा. नाही आलो तर, दात-ओठ खाऊन लिहितो, हिराइवा सेइजि याचा. पुढच्या गोष्टी मात्र मी जिवंत असेन किंवा नसेन, आजपासून पाळायच्या.

येत्या मार्चपर्यंत कुंडीतून काढायचा नाही. जेवायची काडी घेऊन मातीत भोकं पाडायची, कडेकडेने, मूळ न दुखवता. कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाची चकती सरकवून ती कलती ठेवायची, पाणी धावून जाईल. बोट खुपसून माती आतून सुकली असेल तरच पाणी, घड्याळ बघून नाही. पावसात वर चटई. खत बंद. कात्री बंद. पिवळ्या सुया उपटायच्या नाहीत, गळायच्या त्या गळतील. खालची एखादी फांदी जाईल, जाऊ दे. मार्चमध्ये अर्धीच जुनी माती काढायची, उरलेली त्याच्या पुढच्या वेळी. मुळांना पांढरी जाळी दिसली तर बुरशी समजून धुऊ नये, पाइन तिच्यावरच जगतो. ती जाळी त्याची घरची माणसं.

आणि रस्त्याकडच्या फळीवरून त्याला हलवायचं नाही. सकाळचं ऊन आणि वारा तिथेच आहे. दोन वर्षं, तीन वर्षं, पिंजारलेला, कुरूप, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर तिथेच राहील. कोणी विचारलं तर सेइजिने सांगावं, "मासुओचं झाड आहे, मासुओनेच असं ठेवायला लावलंय." आळस माझ्या नावावर लिहावा. मी पोटचा आहे, मला शोभतो.

हे लिहीत असताना गेनझोकाका म्हणाले, "मेल्यावर तरी भांडण सोड की."

मी म्हटलं, "काका, मेल्यावरच तर समोरचा उलट बोलत नाही."

वरचं सगळं मी कप्तान व दोन साक्षीदार यांच्यासमोर वाचून दाखवलं आणि सही करून अंगठा उठवला.

हिराइवा मासुओ

कप्तान : उराबे तेत्सुगोरो
साक्षीदार : इवाकिरि गेनझो, आचारी
साक्षीदार : नामेकावा हिदेयो, इंजिनवाला (हसत होता, तरी सही केली)

ठिकाण : केप टाउन बंदर, तामाशिओ मारू
शोवा ४९ (१९७४), जुलैची ११ तारीख

ता. क. लंगडा विकायचा नाही. विहिरीचं देणं उरतं, त्याची सोय मी करतो. या मोसमाची उचल कप्तानांकडून घेतली आहे आणि कंपनीमार्फत ती सेइजिच्या नावाने घरी निघेल, ताईच्या नाही. ओसाकावाल्याला सांगावं, त्याच्यापेक्षा वरची बोली आली : तीन लाख ऐंशी हजार एक येन.