पवनीखालचा लाल पट्टा

१२ एप्रिल १९८३
हैदराबादहून उपग्रहाचे फोटो आले. एक १९७३चा, एक १९८२चा. या फोटोंत हिरवळ लाल दिसते. प्रिन्सिपलना वाटलं, छपाई बिघडली. अशा लोकांत राहून भूगोल शिकवायचा!

पवनीखाली वैनगंगेच्या पात्रात आधी नुसती पांढरी रेती. आता तिथंच लाल पट्टा. अर्थ उघड आहे. वर धरण झालं, ओल टिकली, नैसर्गिक झाडोरा वाढला. पीएच.डी. वर्षभरात. नागपूरचे गाईड म्हणतात, एकदा जागेवर जाऊन पाहून या. रविवारी जाणार. नक्की.

१७ एप्रिल, रविवार
गेलो नाही. ऊन फार. शिवाय साळा तुलाराम पवनीहून पोतंभर डांगरं घेऊन टपकला. नदीच्या रेतीत त्याची डांगरवाडी आहे, खरबुजांची. दरवर्षी आणतो, खातो आपण. पण बायकोनं, शकुंतलानं, माझ्या टेबलावरच डांगर चिरलं आणि रस १९८२च्या फोटोवर, नेमका पवनीवर. डोकंच फिरलं. तुलाराम म्हणाला, वाडीवर या एकदा, वेलावरचं तोडून खाऊ. मी सांगितलं, मले नदीचा अभ्यास आहे, खात बसायला वेळ नाही. बरं म्हणाला.

३ ऑगस्ट
नदीला पूर. पाहणी अशक्य. हिवाळ्यात जाईन.

२० डिसेंबर
खोकला.

१० जानेवारी १९८४
मोठा दिवस. धरणावरचे इंजिनिअर कृष्णराव स्वतः घरी आले. मार्चमध्ये नदीत पाणी सोडायचंय, खाली पात्रात कोणाचं काही आहे का, विचारत होते. गावोगाव माणूस पाठवायला त्यांना फुरसत नाही. मी लेखी दिलं: पात्रात शेती नाही, सर्व नैसर्गिक वनस्पती, पाण्यानं उलट फोफावेल. उद्या जीपनं नदीवर नेतो म्हणाले. गेलो असतो, पण नवे बूट रेतीत कोण घालणार? विज्ञान टेबलावरही होतं. आतून शकुंतला काहीतरी म्हणत होती, वाडी की काय. चहा आण म्हटलं.

१३ मार्च
पाणी सोडलं. तुलारामची वाडी गेली. एकट्याची नाही, पवनीखालच्या सगळ्यांचीच. वेल फळांनी भरले होते म्हणे. त्या वाडीच्या भरवशावर तुलारामनं बेबीचं, म्हणजे त्याच्या पोरीचं, लग्न अक्षय तृतीयेला धरलं होतं.

शकुंतला सकाळपासून रडून राहिली. दुपारी समोर येऊन उभी राहिली. "तुमच्या त्या फोटोत माहा भाऊ नाही दिसला का?"

मी शांतपणे समजावलं, उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे ऐंशी मीटर जागा, त्यात माणूस दिसत नाही. तिनं ऐकून घेतलं आणि पिशवी भरली. चारच्या एस.टी.नं माहेरी गेली.

दोष माझा नाही. तुलारामनं फोटो पाहिला होता, तेव्हा बोलायचं होतं ना!

१८ मार्च, रविवार
पवनीला जाणार होतो. स्टँडपर्यंत गेलोही. गाडीला गर्दी होती. तशी फार नव्हती.

९ एप्रिल
गाईड खूश. आधीचा लाल पट्टा आहे, आता नंतरची रेती मिळेल, बदल सिद्ध. नवा फोटो मागवला. जागेवर जाऊन आलात ना, असं त्यांनी विचारलं. हो म्हणालो.

६ मे, रविवार
बेबीचं लग्न मोडलं. मले कोणी सांगितलं नाही, कॉलेजच्या चपराशाकडून कळलं. शकुंतलेचं पत्र नाही.

यंदा डांगर आलं नाही. बाजारात गेलो. पवनीचं नाही, कुठलं तरी बाहेरचं, बेचव दिसणारं होतं. घेतलं. घरी येऊन चिरायला बसलो तर चाकू सापडेना. स्वयंपाकघर सगळं धुंडाळलं. ती कुठं ठेवते, कधी पाहिलंच नाही.